आप्पांचा मॉनिटर आणि मिस्त्रींची चौकट

आप्पा टायपिंगवाल्यांचं आणि कॉम्प्युटरचं कधी भांडण झालं नाही, कारण आप्पांनी त्याला टाइपरायटरपेक्षा जास्त मान कधी दिलाच नाही. सकाळी आवरण काढायचं, लोकांचे अर्ज, करार आणि तक्रारी टाइप करायच्या, संध्याकाळी आवरण घालायचं. मधे तो अडलाच तर स्वतः काही करायचं नाही. मित्रांना हाक मारायची.

मित्र दोन. डावीकडच्या दुकानात मिस्त्री, म्हणजे सुतार. उजवीकडे चष्मेवाला. चष्मेवाल्याला आप्पा ‘डॉक्टर’ म्हणत आणि तो कधी ‘नाही’ म्हणत नसे.

या तिघांनी मिळून आजवर पुष्कळ बिघाड बरे केले होते. एकदा आप्पांच्या मोबाइलचा टॉर्च लागला तो विझेचना. चष्मेवाल्याने फोन भिंगाखाली धरून ‘दिवा लागलेला आहे’ असं निदान केलं. मिस्त्रींनी त्यावर काळी चिकटपट्टी मारली. दिवा गेला. त्यानंतर बॅटरी दुपारीच संपायला लागली, पण तो वेगळा आजार होता.

“आत हात घालायचा नाही,” हे मिस्त्रींचं तत्त्व. “दार कुरकुरलं तर आपण बिजागरी बघतो. घराचा पाया खणत नाही.”

आप्पांना एक लेक. ती दूरच्या शहरात कॉम्प्युटरच्याच कंपनीत. आई गेल्यापासून तिने एकच धोशा लावला होता : बाबांनी दुकान बंद करावं आणि आपल्याकडे राहायला यावं. आप्पा म्हणत, हातपाय चालताहेत तोवर दुकान चालेल. शेवटी तोडगा निघाला. ती येऊन बघेल. सगळं धड चाललेलं दिसलं तर हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही तर आप्पांनी मुकाट्याने बॅग भरायची.

लेक येणार म्हणून आप्पांनी कीबोर्ड पुसायला घेतला, तोही जरा जास्तच प्रेमाने आणि कॉम्प्युटर चालू असताना. फडकं फिरलं आणि पडद्यावरचं सगळं जग खाली डोकं वर पाय करून उभं राहिलं. अक्षरं उलटी. माउस उजवीकडे नेला की बाण डावीकडे पळे.

आप्पांनी बंद करून पुन्हा लावून पाहिला. जग उलटंच. मग हाक गेली.

चष्मेवाला आला, त्याने आधी आप्पांचे डोळे तपासले.

“आप्पा, डोळ्यात चित्र उलटंच पडतं. मेंदू ते सरळ करून घेतो. तुझ्या मेंदूने काम थांबवलेलं दिसतंय.”

“मग तुला सरळ दिसतंय का?”

“मलाही उलटंच दिसतंय.”

“मग दोघांच्या मेंदूंनी एकदमच संप पुकारला म्हणायचा!”

चष्मेवाला दुकानातला आरसा घेऊन आला आणि पडद्यावर छपरासारखा तिरका धरला. ओळी सरळ झाल्या, पण अक्षरं उजवीकडून डावीकडे चालू लागली. “तू उजवीकडून वाचायला शीक,” तो म्हणाला. “या वयात डोक्याला व्यायाम चांगला.”

मिस्त्री दारात उभं राहून हे सगळं बघत होते. “चित्र उलटं झालंय ना?” ते म्हणाले. “मग डबडं उलटं करा. एवढं काय त्यात?”

त्यांनी मॉनिटर उचलून उलटा धरला. चित्र सरळ! माउसही शहाण्यासारखा वागू लागला. दोघांनी मिस्त्रींकडे असं पाहिलं, की मिस्त्री लाजले.

आता मॉनिटर काही डोक्यावर उभा राहत नाही. मिस्त्रींनी जुन्या पलंगाच्या सागवानी फळ्या काढल्या, हौसेने चौकट केली, कडा गोल केल्या, पॉलिश मारलं आणि मॉनिटर तीत पक्का बसवला. त्याचा पाय वर हवेत राहिला. आप्पा त्यावर छत्री अडकवू लागले. चौकट बघायला बाजारातली माणसं येऊन गेली. मिस्त्री प्रत्येकाला सांगत, “स्क्रूवर विसंबलो नाही. सरस लावून चिकटवलाय.”

लेक आली तेव्हा आप्पा एका गिऱ्हाइकाचा भाडेकरार टाइप करत होते. ती दारातच थांबली.

“बाबा, हा मॉनिटर उलटा का आहे?”

“चित्र सरळ यावं म्हणून.”

तिने डोळे मिटून घेतले. “कधीपासून?”

“चालू आहे उत्तम. विचार यांना.”

गिऱ्हाईक म्हणालं, “मला तर सरळ दिसतंय.”

“बाबा, सरका जरा.” तिने उभ्या उभ्याच कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण असे तीन खटके एकदम दाबले. भाडेकरार उलटा झाला. घरमालक खाली गेला, भाडेकरू वर आला. “झालं! आता फक्त मॉनिटर सरळ करा. बघितलंत बाबा? एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा हा खटाटोप! म्हणून म्हणते, आता पुरे. चला माझ्याबरोबर.”

तेवढ्यात लेकीला भेटायला म्हणून मिस्त्री आत आले आणि पडद्याकडे बघून थबकले.

“अरेरे! कुणी बिघडवला?”

“काका, मी दुरुस्त केला.”

मिस्त्रींनी मान तिरकी करून तो उलटा करार पुन्हा एकदा बघितला. “दुरुस्त,” ते म्हणाले.

“मॉनिटर तेवढा सोडवून द्या ना.”

“सुटायचा नाही, बाळ. चौकट कापावी लागेल.” त्यांनी चौकटीच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला. “करवत घेऊन येतो.” आणि आपल्याच हातची नवी चौकट कापायला निघालेला माणूस जसा जाईल तसे ते गेले.

आप्पांनी खुर्ची पुढे ओढली. “वरचा बाण दाबलास ना तू?”

“हो. का?”

“म्हणजे माझ्या फडक्याने खालचा दाबला गेला असणार.” आप्पांनी चष्मा वर ढकलला, दोन खटके डाव्या हाताने धरले आणि उजव्या हाताच्या बोटाने खालचा बाण दाबला. घरमालक वर आला.

लेक बघतच राहिली. “अहो बाबा, एवढं येतंय तर मॉनिटर सरळच करून घ्या की!”

“मॉनिटर मला काय, कसाही चालतो गं,” आप्पा म्हणाले. “मिस्त्रीचं काय करू? तिकडे माझ्यासाठी चौकट कोण करणार आहे?”

आणि ते पुढचं कलम टाइप करू लागले.

मिस्त्री करवत घेऊन आले, सोबत दुःखात सहभागी व्हायला चष्मेवालाही. पडद्यावर करार सरळ.

“हे कसं झालं?” मिस्त्रींनी विचारलं.

आप्पांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने चौकटीकडे पाहिलं.

“माझंच चुकलं होतं, काका,” ती म्हणाली. “मी परत होतं तसं केलं.”

“होतं असं,” मिस्त्री उदारपणे म्हणाले. “नवीन आहेस तू यात.”

चष्मेवाल्याला मात्र राहवेना. “मग निघताय कधी?”

“संध्याकाळच्या गाडीनं,” लेक म्हणाली. “मी एकटीच.”

मिस्त्रींनी करवत टेबलावर ठेवली आणि बराच वेळ नाक शिंकरलं.

“तिकिटाची प्रिंट काढून देऊ?” आप्पांनी विचारलं.

“मोबाइलमध्ये आहे, बाबा.”

“मोबाइलचा काय भरवसा!” म्हणत आप्पांनी दोन प्रती काढल्या.