सागवान आणायला गेलो तेव्हा

साखरखेर्ड्याहून निघताना गावभर सांगूनच निघालो, "नव्या घराले चौकट बसंल तं सागाचीच." मुलगा लोखंडी चौकट घेऊन बसला होता. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण लाकूड मला कळतं.

खामगावला गाडी बदलून जळगाव जामोदला उतरलो. पुढे जीपच्या टपावर बसलो. आत जागा होती, पण मागची. मागे मी बसत नाही. टोपी वाऱ्याने नेली.

सातपुड्यातल्या त्या भिलाल्यांच्या पाड्यात रुमालसिंग माझा जुना ओळखीचा. पाड्यामागे त्यांच्या हक्काचं रान, त्यात कवेत न मावणारे साग. मक्याची भाकर वाढता वाढता तो म्हणाला, "बाबा, तोड बंद हाय. शहरातल्या एका संस्थेनं पाड्याले पैसे देले. काही सालं झाडं उभी ठेवाची, तवरिक (तोपर्यंत) आमी मोहफुलाचा धंदा जमवाचा."

"उभ्या झाडाचे पैसे? देणारा येडा हाय काय?"

"असंन. घेणारे नाही ना!"

सकाळी याला पटवीन, असं ठरवून झोपलो. दुपारी पुतण्या भास्कर छोटा हत्ती (मालाची लहान गाडी) आणि झाड कापायला आरा घेऊन येणार होता.

सकाळी दाराला एक गुळगुळीत काठी टेकलेली. पाहुण्यासाठीच असणार. ती घेऊन ऐटीत नाल्याकडे निघालो, तर बाया हसायला लागल्या. रुमालसिंगची बायको रेशमाबाई म्हणाली, "बाबा, राखणीची काठी हाय ते. ज्याच्या दारी ठेवली, त्याच्या घरची आज रानाची राखण. जो उचलंन तो जाईन. ठेवा खाली, आमचे हे जातीन."

हसणाऱ्या बायांपुढे काठी खाली ठेवू? "मीच जातो," म्हणालो.

रानाच्या वाटेवर एका जुन्या सागाखाली बसलो. मान दुखली, पण शेंडा दिसेना. ढोलीतून पोपट ये-जा करत होते. मनातल्या मनात मी त्या झाडाची चौकट काढली, पलंग काढला, देव्हारासुद्धा काढला. तेवढ्यात भास्करची गाडी आली.

"काका, कोणतं झाड पाडाचं?"

"गाडी पलटव."

"काऊन? तुमीच तं बलावलं!"

"बलावलं तवा मी पाहुणा होतो. आज राखण माह्याकडं हाय."

"काका, एवढ्या दूरून आलो न मी!"

"मंग जेवून जाय. आऱ्याले हात लावू नको."

संध्याकाळी काठी शेजारच्या दाराला टेकवली आणि भास्करच्या गाडीतून परत आलो.

घरी लोखंडी चौकट बसली. उन्हात तापते, हात लावू देत नाही. पण तो साग पोपटांसकट उभा आहे, हे आठवलं की बरं वाटतं. गावात विचारतातच, "काय हो, सागवान नाही भेटलं?"

मी सांगतो, "भेटलं होतं. पण तिथला राखणदार लय हट्टी निंघाला."