नितीन कंडक्टर आणि न सुटणारी बोट

आमच्या शेजारचा नितीन साळवे श्रीरामपूर डेपोत कंडक्टर होता. सहा दिवस एसटीत, आणि रविवारची सुट्टी माझ्या बैठकीच्या खोलीत. माझा मुलगा सुनील मस्कतला जाताना त्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवून गेला आणि वर सांगून गेला, "नितीनदादाला खेळू दे गं." सांगणाऱ्याचं काय जातं!

गेम सगळे इंग्रजीत. नितीनचं इंग्रजी बेताचं, बारावी झालेली त्याची मुलगी सायली, तीही अडायची. मग कॉन्व्हेंटात शिकलेली शेजारीण आहेच. पडद्यावर कोणी तोंड उघडलं की मी मराठीत सांगायचं, असा शिरस्ताच पडला.

गेम दोन होते. एकात मोठं राज्य. घोड्यावर बसा, हवं तिकडे जा, नेमून दिलेलं काम केलं नाही तरी कोणी विचारत नाही. दुसऱ्यात दीपगृहाचा रखवालदार हरवलेला, त्याला शोधायचं. प्रसंगामागून प्रसंग आणि शेवटी शेवट. सायलीला हा हवा होता. नर्सिंग शिकायला मिरजेला जाण्याआधी पप्पांबरोबर एक तरी गोष्ट शेवटापर्यंत न्यायची, एवढंच तिचं मागणं.

"तुमचा एक रविवार मिळतो हो पप्पा. तोही घोड्यावर!"

पण नितीन घोडाच काढायचा. आठवडाभर फिरून आलेला माणूस सुट्टीलाही फिरायलाच कसा निघतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

"मावशी, तो खानावळवाला काय म्हनतो?"

"मागच्या वेळचंच. पाऊस येईल म्हणतो."

"आन् ती बाई?"

"तिची शेळी हरवलीय."

"मग शोधाया पायजे."

"अरे, तुझी सुट्टी शेळीत चालली!"

"लई मोठं जग हाय मावशी. घाई कशाला?"

त्या पावसाळ्यातल्या माझ्या डायरीत रविवारच्या पानांवर शेळ्याच शेळ्या आहेत.

सायली जायच्या आदल्या दिवशीही, भर दुपारी, त्याने घोडाच काढला. मी उठले, त्या गेमची सीडी बाहेर काढली आणि कपाटात टाकून कुलूप लावलं.

"आज मी शेळी वाचणार नाही. रखवालदाराला शोधा, नाहीतर आपापल्या घरी जा."

मग मात्र गाडी रुळावर आली. बापलेक बंदरापर्यंत पोचले. वादळाआधी बोट सोडायची होती. तेवढ्यात टेकडीवरून एका म्हाताऱ्या कोळ्याने हात केला. मी वाचलं, "थांबा, मी येतोय."

नितीनने माऊसवरचा हात काढला.

"पप्पा, सोडा ना बोट!"

"म्हातारा येतो म्हनलाय."

"तो येत नसतो! गेम आहे तो."

"हात दावलेल्या पॅसेंजरला टाकून मी डबल बेल देत न्हाई."

वादळ आलं, बोट बुडाली. पुन्हा मागच्या प्रसंगापासून सुरुवात. पुन्हा बंदर, पुन्हा म्हातारा, पुन्हा नितीन हात बांधून बसलेला. बोट पुन्हा बुडाली. सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा तोल गेला.

"नितीन, तो चित्रातला म्हातारा आहे! गोष्ट लिहिणाऱ्यानं त्याला खाली उतरूच दिलेलं नाही. तुझी पोरगी उद्या सकाळी चाललीय, ती खरी आहे!"

माऊस त्याने सायलीकडे सरकवला.

"तू सोड. मला न्हाई जमायचं."

"मग तिकडं तोंड करा."

तो खिडकीकडे वळून बसला. सायलीने बोट सोडली.

"काय म्हनला म्हातारा?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

पडद्यावर काहीच आलं नव्हतं. "सुखानं जा म्हणाला," मी म्हटलं. दुसरं काय करणार?

पुढे अर्ध्या तासात रखवालदार सापडला. अर्ध्या तासात! एवढ्यासाठी या माणसाने अख्खा पावसाळा घालवला होता. शेवटी गेम बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर सरकायला लागली. मी चष्मा काढला.

"आता ही पण वाचू की काय?"

"वाचा ना आजी," सायली म्हणाली.

चष्मा पुन्हा चढवून दूरदेशच्या त्या अनोळखी माणसांची नावं मी मोठ्याने वाचत बसले, आणि बापलेक काही उठायला तयार नव्हते.