गाऱ्हाण्यात मागितलेली नोकरी

मी सुट्टीवर आले आहे असं घरात सगळ्यांना वाटत होतं. खरं तर दुबईतल्या मालवाहतुकीच्या ऑफिसात राजीनामा देऊन मी रत्नागिरीला आले होते. जुना व्हिसा रद्द झाला होता, नवा आला नव्हता. दुबईतच, उशिरा बोलायला लागणाऱ्या मुलांच्या एका छोट्या केंद्रात मला मदतनीस म्हणून घेणार होते. राजीनाम्याआधी सहा महिने मी तिथे सुट्टीच्या दिवशी नुसतीच, बिनपगारी मदतीला जात होते. आठवड्यात तेवढा एकच दिवस मला घड्याळ बघावंसं वाटत नसे.

केंद्राचं पत्र फोनमध्ये होतं. मी ते सारखं उघडून वाचत असे, मधल्या वेळात त्यातला मजकूर बदलेल अशी भीती वाटायची.

आईला सांगायचं वाक्य मी विमानात तयार केलं होतं, इंग्रजीत. घाबरले की मला शाळेतलीच भाषा सुचते. नऊ दिवस गेले, ते वाक्य तोंडातून निघालं नाही.

दहाव्या दिवशी आई म्हणाली, "चल, देवळात नारळ ठेवून येऊ. परत जायच्या आधी गाऱ्हाणं घालायला हवं."

आमचं गाव पावसच्या पुढे. देवळात काकू आधीच येऊन बसली होती. "ये गो दुबईवाली! तिकडे जेवायला देत नाहीत वाटतं. आणि तोंडातली मिठाची गुळणी अजून तशीच?"

मी हसले. बाबा खांबापाशी उभे राहिले. त्यांचा सगळा जन्म जहाजावर, इंजिनरूममध्ये गेला, तोही एकाच कंपनीत.

आई गुरवकाकांच्या कानात काहीतरी बोलली. त्यांनी नारळ हातात घेतला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा म्हाराजा, ही तुजी लेक दर्यापार नोकरीला हाय..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"हाय ती नोकरी कायम रव्हू दे..."

"व्हय म्हाराजा!"

"त्याच हापिसात तिला वरची जागा मिलू दे..."

माझा देवावर विश्वास किती, हे मी कधी नीट ठरवलेलं नाही. पण त्या क्षणी मी घाबरले. देवाने हे ऐकलं तर? व्हिसा नाकारला जाईल, जुन्या ऑफिसातून फोन येईल, आणि मी पुन्हा त्या खिडकी नसलेल्या खोलीत कंटेनरचे नंबर तपासत बसेन. इथले सगळे मिळून, प्रेमाने, माझ्यासाठी नेमकं तेच मागत होते.

"थांबा," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "थांबा. ती नोकरी मी सोडली."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी गुरवकाकांच्या हातातल्या नारळाकडे बघत उरलेलं सांगितलं. मुलांचं केंद्र. व्हिसा. वाक्यं तुटत होती.

गुरवकाकांनी डोळे मिचकावले. "असा आदी सांगायचा ना, बाय! चल, परत सांगूया."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं. नव्या कामाचा कागद येऊ दे, मुक्या पोरांना तिच्या हातून वाचा फुटू दे. काकू सर्वांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणाली. बाबांचा आवाज जरा मागून आला. आईचा मला ऐकू आला नाही.

वाटेत बाबांनी एवढंच विचारलं, "कागद हातात आल्याशिवाय निघणार नाहीस ना?"

"नाही."

घरी आई प्रसादाचा नारळ खवायला बसली. मी समोर बसले.

"कागद नाही आला तर?" तिने मान वर न करता विचारलं.

"माहीत नाही."

तिने खवलेलं खोबरं माझ्याकडे सरकवलं आणि माझा फोन मागितला. पत्र इंग्रजीत होतं. तिने ते हळूहळू, एकेका शब्दावर बोट ठेवत, शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.