डॉक्टरांची बिनक्लचची गाडी

हे सगळं मला नीट आठवतंय का, याची खात्री नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे एवढं नक्की. साल विचाराल तर मी एक सांगेन आणि रात्री अंथरुणात ते बदलेन. शिवाय हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की मूळ कोणतं आणि सांगताना चिकटलेलं कोणतं, हेही आता कळत नाही. हणमंतराव मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये एका डब्यात नटबोल्ट साठलेले असत. कुठल्या गाडीचे, कोणालाच ठाऊक नाही, पण टाकवतही नाहीत. किस्से तसेच साठतात. डबा ओततो, बघा काय काय निघतं ते.

आधी माणसं सांगतो. मी बारामतीच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवत होतो. पीएच.डी. होतो. आमचे वडील कऱ्हाटीचे. छपन्न साली त्यांनी दीक्षा घेतली आणि तेव्हापासून घरात एकच नियम: विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. बाकी भावंडांनी हा नियम बेताने पाळला. मी मात्र गॅस बंद केलाय का हेसुद्धा गॅसला पुन्हा पुन्हा विचारत असतो.

दुसरे डॉक्टर. जनावरांचे. एका बैलाला इंजेक्शन देताना बैलाने त्यांच्या डाव्या गुडघ्याची कायमची वाट लावली. जीपचा क्लच दाबता येईना. तेव्हा आखातातून परतलेल्या मेहुण्याने आपली जपानी गाडी त्यांना दिली. ऑटोमॅटिक! क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात, डाव्या पायाला सुट्टी. आख्ख्या तालुक्यात तशी दुसरी गाडी मी तरी पाहिली नव्हती.

तिसरे हणमंतराव. इंदापूर रस्त्याला त्यांचं गॅरेज. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, काहीही खोलायचे. बिनक्लचची गाडी दिसली की मात्र हात मागे बांधून उभे राहायचे.

• • •

गाडीशी माझा पहिला संबंध आला तो लोणी भापकरजवळ. मी नुसता सोबतीला गेलो होतो. म्हैस तपासून निघालो, तर बॅटरी मेली. पारावरची माणसं धावत आली आणि कोणी काही विचारायच्या आत ढकलायला लागली.

मी खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, "अहो, ही ढकलून चालू होत नाही! हिचं इंजिन आणि चाकं यांच्यात तेल आहे. इंजिन फिरल्याशिवाय तेलाला जोर येत नाही, आणि जोर आल्याशिवाय..."

"तुमी फकस्त गिअरात टाका, सर!"

"तेच तर! हिला क्लच नाही."

ढकलणारे क्षणभर थांबले. एकाने विचारलं, "क्लच न्हाय? मंग काढून कुणी नेला?"

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. ती माणसं फार सभ्य. माझं बोलणं चालू आहे तोवर थांबणं त्यांना बरं वाटेना, म्हणून ती ऐकत ऐकत ढकलत राहिली. मीही, त्यांनी लक्ष देऊन ऐकावं म्हणून सविस्तर बोलत राहिलो. शेवटी एक ट्रॅक्टर दिसला, त्याच्या बॅटरीला वायर जोडली आणि गाडी सुरू झाली.

घाम पुसत एक तात्या म्हणाले, "डॉक्टर, गाडी हलकीच हाय. सर उतरले असते तर आजून हलकी झाली असती."

तोवर मी आतच बसलो होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

• • •

मग एक दिवस गाडीने गिअर बदलणं सोडलं. एकाच गिअरात अडकली. चढ आला की जागच्या जागी घुरघुरायची. डॉक्टरांनी निदान केलं, "रवंथ करतीय."

मला आनंद झाला, कारण हे माझं क्षेत्र होतं. त्या गिअरबॉक्समध्ये सोलेनॉइड नावाच्या दोन चुंबकी झडपा असतात. बोटभर लांब. वीज दिली की 'टिक' करून तेलाची वाट बदलतात आणि त्यावर गिअर ठरतो. त्यातली एखादी गेली असणार. मी छाती पुढे काढून हे गॅरेजमध्ये सांगितलं. सांगून झाल्यावर, आपण चुकत तर नाही ना, म्हणून घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडलं.

त्यात डॉक्टरांचा मुलगा शैलेश पुण्याहून आला. तो कॉम्प्युटरचा इंजिनिअर. त्याने सरळ सांगितलं, "बाबा, गाडी विका आणि आमच्याकडे चला. या गुडघ्यावर एसटीने गावं फिरणार आहात का?"

डॉक्टर म्हणाले, "तुझ्या फ्लॅटमध्ये म्हैस लिफ्टनं येईल का?"

बोलले हसत, पण नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, गाडी गेली तर मी गेलो. त्या बाल्कनीत कुंडीसारखा बसेन."

शेवटी असं ठरलं: गाडी दुरुस्त करायची, शैलेशला बसवून इंदापूरपर्यंत न्यायची आणि परत आणायची. नीट चालली तर डॉक्टर बारामतीत. नाहीतर पुणे.

मी म्हणालो, "मी आहे ना!" हे वाक्य आयुष्यात मी फार कमी वेळा बोललो आहे आणि दर वेळी पस्तावलो आहे.

• • •

मेहुण्याच्या ओळखीतून आखातातून दोन नवे सोलेनॉइड आले. खजुराच्या पुड्यात. सोबत गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकाच्या झेरॉक्स, सगळ्या अरबीत!

आमच्यापैकी कोणालाच ते वाचता येईना. हणमंतरावांचे एक गिऱ्हाईक होते, बेकरीवाले चाचा. त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला आणि पानभर मजकूर खणखणीत वाचून दाखवला. आम्ही भारावून गेलो.

"म्हणजे काय, चाचा?"

"वो मालूम नहीं. पढता आता, समजता नहीं."

डॉक्टर म्हणाले, "आमच्या सरांचंही इंजिनाच्या बाबतीत तसंच आहे."

हणमंतराव गाडी उघडण्याआधी नारळ फोडू म्हणाले. मी म्हणालो, "आमच्यात नारळ फोडत नाहीत. आपण हे पुस्तक नीट अभ्यासू, चित्रं तर कळतात!" त्यांनी अरबी पानं उलटसुलट करून पाहिली.

"सर, ह्यापरास नारळ बरा. शेवटी खायला तरी येतोय."

• • •

काम सुरू झालं आणि माझ्या स्वच्छतेनं सगळ्यांचा जीव काढला. अशा गिअरबॉक्समध्ये धुळीचा कणही चालत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे होते, त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून मी घरच्या सगळ्या वाट्या आणल्या. प्रत्येक वाटीत एक बोल्ट. गॅरेजमध्ये जणू पंगत बसली होती.

दुपारी आमच्या सौभाग्यवती, सुमनबाई, वाट्या शोधत आल्या. खड्ड्यावर उभी गाडी, खाली गिअरबॉक्सच्या लाल तेलात माखलेला मी, कडेने मांडलेली पंगत. त्यांनी सगळं नीट पाहिलं.

"घरी आमटी पिताय की इथेच वाढू, बोल्टावर?"

हणमंतराव म्हणाले, "वहिनी, सरांनी सकाळपास्नं तीनदा माझं हात धुवून घेतल्यात. लगीन झालं तवाबी एवढं धुतलं न्हवतं."

• • •

जुने सोलेनॉइड बाहेर काढले. कोणता गेलाय? ट्रॅक्टरच्या बॅटरीची वायर लावून बघायचं, 'टिक' वाजलं तर जिवंत. पण गॅरेजशेजारी पिठाची गिरणी. काही ऐकू येईना.

डॉक्टरांनी पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. कानाला लावला, टोक सोलेनॉइडवर ठेवलं, डोळे मिटले. हणमंतरावांनी वायर टेकवली.

"हा ठीक."

दुसरा ठेवला. वायर टेकवली. पुन्हा टेकवली. डॉक्टरांनी मान हलवली. "गेला."

मी विचारलं, "नक्की? परत एकदा बघा."

परत बघितलं. गेलेलाच.

"अजून एकदा..."

"सर, ह्याला चार पाय असते तर एव्हाना मी मालकाला सर्टिफिकेट देऊन घरी गेलो असतो!"

• • •

आता मूळ गोष्ट. दोन्ही नवे सोलेनॉइड बसवले. राहिले त्यांच्या वायरींचे दोन प्लग, हुबेहूब सारखे. कोणता कोणत्याला? हणमंतरावांनी हुशारीने काढतानाच एका प्लगला लाल दोरा बांधून ठेवला होता.

तो दोरा मी स्वच्छ करताना काढून टाकला होता. मला तो कचरा वाटला.

हणमंतरावांनी पाना खाली ठेवला. बाहेर जाऊन बिडी ओढून आले.

मग मी पुस्तकातलं चित्र समोर धरलं. चित्रात एक आणि दोन असे आकडे होते. पण मी विचार केला: अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा त्यांचा पहिला आपल्याला उलटा धरावा लागेल. शिवाय आपण खड्ड्यातून वर बघतोय, म्हणजे डावं ते उजवं, पुन्हा उलट. उलट्याचं उलट सुलट, हे तर मी जन्मभर फळ्यावर शिकवत आलो. तेव्हा आहे तसंच लावायचं!

लावलं. मग शंका आली, चित्र मुळात वरून काढलेलं असेल तर? काढून उलट लावलं. मग वाटलं, पहिलाच विचार बरोबर होता. पुन्हा बदललं.

खड्ड्याच्या तोंडाशी वाकून हणमंतराव म्हणाले, "सर, एक सांगू? आता जे आसंल त्ये आसू द्या. प्लग झिजून जाईल."

• • •

तेल भरलं आणि डॉक्टर एकटेच चक्कर मारून आले. बऱ्याच वेळाने आले. उतरले तेव्हा चेहरा जरा वेगळा होता. मी धावत गेलो.

"कशी आहे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात तेलाने लाल, हातात पाना, तयारीत.

"झकास!" ते घाईने म्हणाले. "हात लावू नका. अगदी झकास."

दुसऱ्या दिवशी शैलेशला घेऊन इंदापूरला निघालो. शैलेश पुढे, मी मागे, डोळे मिटून, प्रत्येक आवाजाला कान देत. गाडी इतकी शांत, इतकी संथ चालली होती की मला गहिवरून आलं. उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागे टाकत होत्या. एक सायकलवाला बराच वेळ बरोबरीने आला आणि अदबीने म्हणाला, "डॉक्टर, मी जाऊ का म्होरं?"

शैलेश म्हणाला, "बाबा, जरा दाबा की."

"घाई कशाला? रस्त्यात ओळखीची जनावरं भेटतात."

"दाबा हो, बघू तरी!"

डॉक्टरांनी दाबलं. गाडीने असा हंबरडा फोडला की आम्ही सगळे पुढे फेकले गेलो. डॉक्टरांनी लगेच पाय काढला.

"म्हैस आडवी आली," ते म्हणाले.

"कुठाय?"

"गेली."

मी मागून म्हणालो, "काळी होती, बहुतेक मीही पाहिली." खरं तर माझे डोळे मिटलेले होते, पण म्हशींच्या बाबतीत डॉक्टरांवर शंका घ्यायचा मला अधिकार नाही असं वाटलं.

इंदापूरला पोचलो तोवर नाश्त्याची वेळ टळून गेली होती. परत आल्यावर शैलेश आईला म्हणाला, "गाडीचं मला काही कळत नाही, पण बाबा असे चालवणार असतील तर चालवू देत." डॉक्टर बारामतीत राहिले!

पुढची अनेक वर्षं ते त्याच चालीने कऱ्हाटी, लोणी भापकर करत राहिले. पूर्वी त्यांची जीप आली की कोंबड्या झाडावर चढायच्या. आता कोंबड्या गाडीखालून जायच्या. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवत आणि सांगत, "भाऊजी, तुमच्यामुळे हे माणसात आले हो. किती हळू चालवतात!" मी तो डबा मान खाली घालून, पण मनातून ताठ होऊन घ्यायचो.

• • •

डॉक्टर थकले, आपण होऊन थांबले, तेव्हा ती गाडी पुण्यातल्या एका हौशी माणसाने घेतली. काही दिवसांनी तिथल्या वर्कशॉपमधून मला फोन आला.

"सर, गिअरबॉक्सचं काम तुम्ही केलं होतं ना? दोन्ही प्लग एकमेकांच्या जागी आहेत. ही गाडी निघताना तिसरा गिअर टाकते, मग दुसरा, मग पहिला. सायकलच्या पुढे वेग गेला की माणूस काचेवर आदळेल. ही चालवत कोण होतं?"

मी फोन ठेवला, चपला घातल्या, कुलूप तपासलं आणि तडक डॉक्टरांकडे गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सगळं सांगितलं. त्यांना काही नवल वाटलं नाही.

"डॉक्टर, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पहिल्या चौकापासून."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत खोलली असती!"

मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि माझा हात दाबला.

"आणि हळू बोला, सर. हिला अजून वाटतं, मी सुधारलो."