सुईणीची साक्ष

सुईणमावशीचा तोरा काय विचारता! "राणीला या जगात आणलं ते या हातांनी," असं ती दूधवाल्यापासून धोबिणीपर्यंत सगळ्यांना ऐकवायची. ऐकवू दे की! खोटं थोडंच होतं?

पण राणीच्या काकाला ती गादी हवी होती. भाऊ गेला आणि पुतणी राज्य करते, हे त्याला पचेना. त्याने आवई उठवली, की भावाची मुलगी जन्मताच गेली आणि सुईणीने स्वतःची पोर टोपलीतून आणून पाळण्यात घातली. राणी म्हणे सुईणीची लेक! लोकांना काय, तेवढंच पाहिजे असतं.

आता, आवई अगदीच हवेतली नव्हती. त्याच आठवड्यात मावशीलाही मुलगी झाली होती आणि ती पुढे कुणालाच दिसली नाही. "बहिणीला दत्तक दिली," असं मावशी सांगायची. खरं काय ते तिला ठाऊक आणि तिच्या सुतार नवऱ्याला. पोर चार दिवसांत तापाने गेली होती. पण जिला स्वतःचं मूल राखता आलं नाही, त्या सुईणीला कोण दारात उभं करणार? म्हणून नवऱ्याने छोटी पेटी केली, दोघांनी ती परसात पुरली, आणि राजवाड्याचं बोलावणं आलं तशी ही डोळे पुसून कामावर गेली.

भरसभेत निवाडा ठरला. आदल्या दिवशी काका स्वतः मावशीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"एवढंच म्हण, की ती माझी लेक. गादी मला, लेक तुला. म्हातारपणी आई म्हणणारं कुणी नको?"

मेल्याने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. राणीची आई, थोरल्या राणीसाहेब, बाळंतपणात आजारी पडल्या, तेव्हा त्या बाळाला पहिलं दूध मावशीनेच पाजलं होतं. 

दुसऱ्या दिवशी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. राणी गादीवर पांढरीफटक पडून बसली होती.

"सांग," काका म्हणाला, "तुझी मुलगी कुठाय?"

मावशीने राणीकडे डोळे भरून पाहून घेतलं.

"माझी मेली," ती म्हणाली. हा शब्द तिने आजवर नवऱ्यापाशीसुद्धा उच्चारला नव्हता. "माझ्याच मांडीवर गेली. लपवलं मी, पोटासाठी लपवलं. आणि ही पोर थोरल्या राणीसाहेबांची. पायाळू होती, घामाघूम करून सोडलं होतं मला. दुसरीची लेक आपली म्हणायला मी काय चोर आहे?"

"पुरावा?"

चार माणसांत कधी तोंड न उघडणारा सुतार उठला. "पेटी मी केली. चला परसात, उकरून दाखवतो."

काकाचं तोंड एवढंसं झालं. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय थोडाच! "ऐकलंत ना?" तो लोकांकडे वळून ओरडला. "हिला स्वतःचं मूल वाचवता आलं नाही! आता कोण बोलावणार हिला?"

 याच एका प्रश्नाला मावशी जन्मभर भ्याली होती.

"मी बोलावणार!" मागून बेकरीवाल्याची आई कडाडली. "माझ्या सुनेचे दिवस भरलेत. मावशी, इथून थेट आमच्याकडेच या. आणि तू रे, तुला काय कळतं बाळंतपणातलं?"

सभागृह खो-खो हसलं. काका कधी सटकला ते कुणी पाहिलंही नाही. अहो, साधी सुईण, पण राज्याची गादी राखली तिने!

राणी मात्र हसली नाही. ती गादीवरून खाली उतरली आणि तिने मावशीचे हात हातात घेतले.

"नाव काय ठेवलं होतंत तिचं?"

मावशीने तिच्या कानात सांगितलं. राणीने ते नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने उच्चारलं, आणि तेव्हा कुठे मावशी आपल्या लेकीसाठी चारचौघांत हमसून हमसून रडली.