क्लियर कोणी म्हणायचं

मी पोलवर होतो आणि खिशातला फोन वाजायचा थांबत नव्हता. वर चढल्यावर आम्ही फोन उचलत नाही. शेवटी वैतागून उचलला. सबस्टेशनच्या ऑपरेटर सुरडकर मॅडम होत्या.

"राऊत भाऊ, कुठं हाय तुमी?"

"पोलवर. जंपर बांधून राह्यलो."



"पयले खाली उतरा. साहेब लाईन क्लियर हाय म्हणून राह्यले."

हातातलं काम तसंच सोडून मी उतरायला लागलो.

लाईनवर काम करायचं तर लाईनमन आपल्या नावावर ऑपरेटरकडून परमिट घेतो. ते असेपर्यंत ऑपरेटर सप्लाय बंद ठेवतो. काम संपलं की फोनवर सांगायचं, 'लाईन क्लियर'. शाळेत क्लियर म्हणजे स्वच्छ, स्पष्ट असं शिकलो होतो. आमच्याकडे अर्थ एकच: माणसं खाली उतरली, आता वीज सोडा.

त्या दिवशी धनजच्या शिवारात दोन पोलचं काम होतं. रस्त्यालगतचा झाला होता. दुसऱ्यावर, कडुलिंबाच्या आड, मी जंपरने तारा जोडत होतो. हरभऱ्याला पाणी द्यायला लोक खोळंबलेले, त्यांचे फोन आमच्या इंजिनिअर साहेबांना. साहेब जीपने आले. राऊत चहाला गेला असेल असं त्यांनी धरलं. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत नेणारी अर्थिंगची साखळी जीपमधून आलेल्या माणसांकडून काढून घेतली आणि सबस्टेशनला फोन लावला. पुढचं मॅडमनीच मला नंतर सांगितलं.

"मॅडम, क्लियर हाय. करा चार्ज."

"परमिट राऊत भाऊच्या नावावर हाय. त्यायले बोलू द्या."

"माह्यावर भरोसा नाही का?"

"हाय ना साहेब. पण क्लियर तेच म्हणतीन."

साहेबांनी रागाने फोन ठेवला. मॅडमनी मला लावला.

मी उतरून रस्त्यावर आलो तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः उभं राहून साखळी पुन्हा लावून घेतली. मी काम पुरं केलं, साखळी काढली, सगळी माणसं खाली आहेत हे पाहिलं आणि फोन लावला.

"मॅडम, ला... लाईन..."

"पाणी पिऊन घ्या भाऊ. मंग सांगा. शेतकरी थांबतीन."

पाणी प्यालो. मग म्हटलं, "लाईन क्लियर हाय."

सुरडकर मॅडम फार हट्टी आहेत, अशी ऑफिसात तक्रार असते. त्या हट्टावर माझं घर उभं आहे. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. साहेब आता फोन लावतात आणि न बोलता लाईनमनच्या हातात देतात.