शिट्टीकाकूंचा घसा

बायोताईने तोंड उघडलं की माणसं हसायला लागत. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत ती शिट्टीकाकू होती. चिडली की किरट्या आवाजात किंकाळी फोडायची आणि पोरंसोरं तिची नक्कल करायची. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उतरली तरी कुणीतरी म्हणेच, "काकू, एकदा ओरडा ना!" ती ओरडायची. "हसायला आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं रे?" असं मला म्हणायची.

मी तिचा मावसभाऊ, लहानपणापासून तिला पेटीवर साथ करणारा. ती किती सुरेल गाते, हे मालिका बघणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. शूटिंगमधून सुटून घरी आली की चहाच्या आधी फर्मान सुटे, "पेटी काढ मेल्या!"

एकदा वरचा षड्ज लागेना. सूर मध्येच फाटायचा. डॉक्टर म्हणाले, घशात गाठी आल्यात. किंचाळणं सोडा, नाहीतर गाणं जाईल. निर्माता म्हणाला, किंकाळीशिवाय शिट्टीकाकू कसली? काळजीत असली की ती कोळंबी सोलत बसे. त्या सुट्टीत आम्ही रोज कोळंबीच खाल्ली.

त्यातच रत्नागिरीच्या नाट्यगृहात तिचं गाणं आधीच ठरलेलं. पडदा उघडण्यापूर्वी तिने माझा हात धरला. "लोक हसले तरी वाजवायचं थांबू नकोस हां."

तिने आलाप सुरू केला आणि हशा पिकला. लोकांना वाटलं, गंमतच चाललीय. तिने पुन्हा सूर लावला. पुन्हा हशा. मागून कुणी ओरडलं, "काकू, किंकाळी!" मग ठेका धरून टाळ्या सुरू झाल्या. मी पेटीचा भाता हलवत राहिलो. एक किंकाळी, की सारं सभागृह तिचं झालं असतं. तिने तोंड उघडलं, मिटलं.

"ऐका," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी दोनातला एकच आवाज ठेवायला सांगितलाय. कुठला, ते आत्तापर्यंत ठरत नव्हतं. आता ठरलं. शिट्टीकाकू संपली. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं, माझा राग नाही."

काहीजण उठले. आपटणाऱ्या खुर्च्या ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "पट्टी उतरव." अंतऱ्यात आवाज फाटलाच. कुणी हसलं नाही. ती पाणी प्यायली आणि तीच ओळ पुन्हा गायली. या वेळी सूर टिकला.

मालिकेत दुसरी शिट्टीकाकू आली. बायोताईच्या गाठी विरल्या, पण वरचा षड्ज परतला नाही. आता ती वेळणेश्वरला राहते, मुलींना गाणं शिकवते, खालच्या पट्टीत देवळात गाते. परवा शिकवणी चालू असताना मी विचारलं, "पस्तावतेस का गो कधी?"

"पस्तावते की," ती म्हणाली. "हजार माणसं एकदम हसतात ना, तसा गोड आवाज गाण्यातसुद्धा नाही रे." मग समोरच्या मुलीकडे वळली, "तू का थांबलीस? गा."